पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी शनिवारी कोणते उपक्रम घ्यावेत?

फोंड्याच्या बाई:
नमस्कार. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत यंदा शनिवारच्या छंदवर्गाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पाचवी ते सातवीची 28 मुले आहेत, दीड तासाचा वेळ मिळतो आणि पावसामुळे मैदान वापरता येत नाही. आतापर्यंत मी प्रश्नमंजूषा आणि पाठांतराच्या स्पर्धा घेतल्या. पण दर वेळी तीच पाच-सहा मुले पुढे येतात आणि एक मुलगा तर दोन शनिवार दप्तर मांडीवर घेऊन नुसता घंटेची वाट पाहत बसला. ते मला फार लागले. सगळ्यांच्या हाताला काम मिळेल आणि कोणी बाद होणार नाही, असे उपक्रम आपण घेतले असतील तर कृपया तपशिलाने सांगावेत.

सत्तरीचे सर:
बाई, चतुर्थीच्या आधीच्या दोन शनिवारी वर्गात माटोळी, म्हणजे आपल्या गोव्यात गणपतीच्या वर टांगतात ती फळे-रानमेवा बांधलेली लाकडी चौकट, बांधून पाहा. प्रत्येकाने परसातली किंवा गावातली एकच वस्तू आणायची आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी: घरातली आजी तिला काय म्हणते, ती कुठे वाढते आणि कशासाठी वापरतात. आंबाडे, सुपारीचे घड, तोरिंग, निरफणस, कांगलां असे कितीतरी जमते. एकाच फळाला दोन गावांत दोन नावे असल्याचे मुलांच्या लक्षात आले की वर्गात खरी चर्चा सुरू होते. आमच्या वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीने बिंबलांची डहाळी आणली आणि तिची आजी ती माशांच्या कढीत कशी घालते, हे इतके रंगवून सांगितले की एरवी गप्प बसणारी मुलेही आपापल्या घरच्या आंबटाविषयी बोलू लागली. चौकट टांगताना नारळ एका बाजूला बांधला की ती कलते. तो मधल्या दोरीपासून किती अंतरावर बांधला तर समोरची हलकी फळे तोल सांभाळतील, हे मुलांनाच करून पाहू द्या. कवंडळ हे रानफळ लालभडक दिसते, पण ते खायचे नव्हे, एवढे आधीच बजावून सांगा आणि कोणालाही एकट्याने रानात पाठवू नका.

डिचोलीच्या निवृत्त गणित शिक्षिका:
सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे कुशावती नदीकाठच्या जांभ्या दगडावर प्राचीन कोरीव चित्रे आहेत आणि त्यांत चक्रव्यूहासारखी एक वर्तुळाकार आकृती आहे. त्याच धाटणीचा चक्रव्यूह मी मुलांकडून ओसरीवर खडूने काढून घेत असे. प्रथम मोठे अधिकचिन्ह काढावे. त्याच्या चारही कोपऱ्यांत बाहेरच्या बाजूला उघडणारा एकेक काटकोन आणि प्रत्येक काटकोनाच्या पोटात एक ठिपका द्यावा. मग अधिकचिन्हाचे वरचे टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीने जोडावे आणि त्यानंतर डावीकडचे पुढचे मोकळे टोक उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला, असे जोडत जावे. ठिपकाही टोकच धरावा. आठवी कमान पुरी झाली की सात फेऱ्यांची वाट तयार होते आणि तिला एकही फाटा नसतो, त्यामुळे त्यात कोणीही चुकत नाही. चालताना मध्य अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो आणि पुढच्याच वळणाला दूर जातो. त्या क्षणी मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य मला अजून आठवते.

मडगावचे पालक:
पावसाचाच उपयोग करून घ्यावा. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला आणि बाहेर मोजपट्टी चिकटवली की पर्जन्यमापक होतो. तळ सपाट नसेल तर शून्याच्या रेषेपर्यंत आधी पाणी भरून घ्यावे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी, एवढे कळले की मुले शाळेच्या छपराचा हिशेब स्वतःच करतात: 60 चौरस मीटर छपरावर 100 मिलीमीटर पावसाचे 6,000 लिटर होतात. नोंद ठेवण्याचे काम रोज वेगळ्या मुलाकडे द्यावे.

फोंड्याच्या बाई:
मनापासून आभार. येत्या शनिवारी चक्रव्यूहापासून आरंभ करते आणि पहिली कमान त्या दप्तरवाल्या मुलालाच काढायला सांगते. आमची ओसरी लांब असली तरी रुंदीला बेताचीच आहे. जागा किती लागेल?

डिचोलीच्या निवृत्त गणित शिक्षिका:
वाट एक फूट रुंद ठेवली तर साधारण 16 फुटांची चौरस जागा लागते. ओसरी तेवढी नसेल तर वर्गातले बाक भिंतीला लावा आणि खडूऐवजी सुतळी पसरा. चुकलेली कमान पुसत बसावे लागत नाही.