बाळंतिणीचा डावा पाय सुजला, मग दम लागला. शिरेतली रक्ताची गाठ कळायला एवढा उशीर कसा?

धानवाला (सिंदेवाही तालुका)
वहिनीचं सिझर झालं. आठवडाभरानं डावा पाय मांडीपर्यंत टरटरून सुजला, उजवा जसाच्या तसा. माय म्हणे बाळंतपणाची सूज आहे. बाजेखाली शेगडी होतीच, तेल लावून रगडणंही सुरू झालं. गावच्या डॉक्टरनं हत्तीपाय धरला. आमच्या भागात तो आहेच, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. रात्री रक्त घेऊन गेले, त्यात काही निघालं नाही, तरी गोळ्या चालू.

मग दम. न्हाणीपर्यंत जाऊन आली की भिंतीला टेकून उभी, तोंडातून शब्द निघेना. दुसऱ्या दवाखान्यात हिमोग्लोबिन 8 निघालं, एक्स-रे साफ. बाटली चढवली अन् घरी धाडलं. शेवटी चंद्रपूरला एका डॉक्टरनं टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या, मग डॉप्लर (शिरेतलं रक्त वाहतं का ते दाखवणारी सोनोग्राफी), सीटी. पायाच्या शिरेत गाठ, तिचे तुकडे फुफ्फुसात. आता वॉरफेरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, सुरू आहे.

एवढ्या जणांच्या हातून सुटलं कसं? आणि माय विचारते, मेथी-शेपू द्यायची का? वहिनीला बाळाला पाजायची भीती वाटते.

रिटायर सिस्टर, गडचिरोली
भाऊ, पाय एकानं पाहिला, दम दुसऱ्यानं. दुसऱ्या दवाखान्यात पायाचा विषय तरी निघाला का? बाळंतिणीला दम म्हटलं की आपल्याकडे रक्त कमी, आणि ते खोटंही नसतं. 8 हिमोग्लोबिनवाल्या बाया मी वॉर्डात कितीतरी पाहिल्या. खरं कारण त्याच्याआड लपतं. फुफ्फुसात गाठ अडकली तरी एक्स-रे साफ येऊ शकतो, ती दिसते सीटी अँजिओत, म्हणजे शिरेत औषध सोडून काढलेल्या सीटीत.

हत्तीपाय वर्षानुवर्षं वाढत जातो. आठवड्यात एकच पाय मांडीपर्यंत चढला की आधी गाठ आठवायला हवी. त्यात डावा पाय! गरोदरपणात डावीकडची शीर उजव्या धमनीखाली जास्त दबते, म्हणून गाठ बहुतेक डावीकडेच. बाळंतपणानंतर 6 आठवडे रक्त गोठायचा धोका मोठा, सिझरनं आणखी, अन् आपण तिला बाजेवरून हलू देत नाही. रगडणं आजच बंद करा.

तालुक्याचा डॉक्टर
आमचीही बाजू ऐका. डॉप्लर तालुक्याला सहसा नसतो. डी-डायमर ही गाठीसाठीची रक्ततपासणी, पण तो बाळंतिणीत तसाही वाढलेला, तो वाढला म्हणून काही सिद्ध होत नाही. पण संशय पक्का असेल आणि रक्तस्रावाची भीती नसेल तर हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, देऊन पुढे पाठवता येतं. तो संशय यायला पाय उघडा करून पाहावा लागतो, गर्दीच्या ओपीडीत तेच राहून जातं.

वॉरफेरिनवर पाजायला हरकत नाही. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीचा असर कमी करतं, तरी मेथी बंद करू नका. रोज साधारण तेवढीच द्या, एक दिवस ढीग अन् दुसऱ्या दिवशी शून्य नको. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायचा. गोळी निदान 3 महिने, स्वतःहून थांबवायची नाही. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको. इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी पुढेही नाही. पुन्हा दिवस जाण्याआधी मात्र डॉक्टरला भेटा, वॉरफेरिन पोटातल्या बाळाला बाधतं.

धानवाला
मायले वाचून दाखवलं, शेगडी निघाली. इथला लॅबवाला म्हणतो आयएनआरचं रक्त नागपूरला धाडतो. चालेल?

रिटायर सिस्टर, गडचिरोली
चालेल, पण निळ्या झाकणाची नळी असू द्या अन् रेषेपर्यंत भरलेली. अर्धी भरली तर आकडा चुकतो. 24 तासांत तपासून होईल का, तेही विचारा.