अनुभव धागा : एआरटी सेंटरच्या बाकावरून

धागाकर्ती : २००४ च्या एप्रिलात सरकारी दवाखान्यांतून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट मिळायला सुरुवात झाली. त्या गोळीपर्यंत पोचताना कोण कसं वागलं, ते इथे लिहा. दवाखान्याचं, माणसांचं नाव नको, स्वतःचंही नको.

रातराणी : चौदा वर्षं घेतेय. आधी एफाविरेंझवाली होती. रात्री घेतली की पलंग फिरायचा, स्वप्नं तर विचारू नका. आता डोल्युटेग्राविरची आहे, झोप लागते. त्रास बाटलीचा. पर्समध्ये खुळखुळते, सासूबाईंना ऐकू जाईल म्हणून आत कापूस कोंबते.

आमचं सेंटर म्हणजे सिव्हिलच्या मागची शेवटची खोली. त्या बाकावर बसलं की अख्ख्या ओपीडीला कळतं. एकदा तिथे आमच्याच गल्लीतल्या काकू दिसल्या. दोघी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "बीपीची गोळी न्यायला आले गं." म्हटलं, "मीपण." आता एकाच एसटीने जातो. अजून बीपीच म्हणतो.

स्टेपनी : गुजरातेत गाडी अडकली, गोळ्या संपल्या. एआरटीचं पुस्तक घेऊन तिथल्या सेंटरला गेलो. बाईंनी आमच्या सेंटरला फोन लावून खात्री केली, गोळ्या दिल्या, वर चहाचं विचारलं. आणि आपल्याकडं दोन दिवस उशीर झाला तर "दारू पीत असशील". टायर फुटला तरी दारूच!

साधा माणूस : हर्नियाचं ऑपरेशन होतं, खाजगीत. रक्ताचा रिपोर्ट आला आणि सर्जनसाहेबांना अचानक गावाला जायचं निघालं. मी २०१७ चा एचआयव्ही कायदा छापून नेला. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, उपचारात भेदभाव चालत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला. "सर गावाला गेलेत."

शेवटी सरकारीत झालं. केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं लिहून. वॉर्डबॉयने वाचलं, शेजारच्या पेशंटच्या मेव्हण्यानेही वाचलं.

रातराणी : १०९७ ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, फोन केला होतात का?

साधा माणूस : केला. बोलल्या चांगलं. ऑपरेशन त्या थोड्याच करणार!

बावीस : मला जन्मापासून आहे. आजी 'शक्तीची गोळी' म्हणून द्यायची. दहावीनंतर काउन्सेलर मॅडमनी दार लावून दीड तास बसवून सगळं सांगितलं, रडू दिलं. त्या कंत्राटी होत्या, गेल्या. आता माझा व्हायरस तपासणीत सापडत नाही. तो असाच दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मला मोबाईलवर कळलं. सेंटरमध्ये विचारलं तर, "कंडोम वापर, जास्त डोकं चालवू नको."

लेकीची आई : बाळंतपणात माझी चादर बदलायला कुणी येईना, आईनेच बदलली. ते विसरले नाही. लेकीला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे नेविरापिन पाजलं. अठराव्या महिन्यात शेवटची टेस्ट. एरवी लॅबवाले दादा खिडकीतून नाव ओरडायचे. त्या दिवशी रिपोर्ट घेऊन स्वतः बाकापर्यंत आले. काही बोलले नाहीत, 'निगेटिव्ह'वर बोट ठेवलं, लेकीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.