मदत हवी आहे: आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), पोट सुटलेलं. जेवण कमी करावं का?

नमस्कार. घरात एका गोष्टीवरून रोज वाद होतोय, म्हणून विचारते.

आई ७४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर्सचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान केलं, अजून सुरुवातीची पायरी आहे. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं ही तिची ठेवण पूर्वीपासूनचीच. पन्नाशीत बीपी आणि साखर दोन्ही मागे लागलं. पोटावरच्या चरबीमुळे डिमेन्शियाचा धोका वाढतो असं भावाच्या वाचनात आलं, आणि तेव्हापासून आईचं रात्रीचं जेवण बंद करायचं त्याने मनावर घेतलंय. पोट उतरलं तर आजार निदान इथेच थांबेल अशी त्याची आशा आहे. तळमळीने बोलतो, त्यामुळे मला त्याला तोडून टाकता येत नाही.

माझी धास्ती वेगळीच आहे. आई आपोआपच वाळत चालली आहे. ताट समोर असतं, चार घास खाते आणि "माझं झालं" म्हणून उठते. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी मनगटावर गरगर फिरतो. पोट मात्र तेवढंच दिसतं, आणि भावाची नजर तिथेच जाते.

मी मूळ अभ्यास शोधून वाचला. २००८ सालचा आहे, रेचल व्हिटमर आणि सहकाऱ्यांचा. कॅलिफोर्नियातल्या ६,५८३ जणांच्या पोटाची पाठीपासून पुढपर्यंतची जाडी १९६४ ते १९७३ या काळात मोजलेली होती. सरासरी ३६ वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचं पोट सगळ्यात मोठं त्या गटात डिमेन्शियाचा धोका सगळ्यात सपाट पोटाच्या गटापेक्षा जवळपास तिप्पट निघाला. वजन प्रमाणात पण पोट सुटलेलं, अशांचाही धोका वाढलेलाच होता. पण मोजमाप झालं तेव्हा ही सगळी माणसं ४० ते ४५ वर्षांची होती. मग ७४ व्या वर्षी, आजार झाल्यावर, पोट कमी करून काही साधतं का?

दुसरा प्रश्न माझा. मी ४६ वर्षांची, वजन उंचीला साजेसं, पण बांधा थेट आईचा. मी आत्ता काय करावं?

प्रतिसाद १

मी फिजिशियन आहे. आईंना तपासल्याशिवाय निदानाबद्दल बोलणार नाही, पण एक तातडीने सांगतो: रात्रीचं जेवण बंद करू नका. साखरेसाठी कोणती गोळी चालू आहे ते आधी बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोट रिकामं असेल, तर रात्रीत साखर धोकादायक उतरू शकते. घाम फुटतोय, हात थरथरतायत हे डिमेन्शियाच्या रुग्णाला वेळेवर सांगताही येत नाही. साखर अशी वारंवार उतरणं मेंदूला फार वाईट.

अभ्यासाबद्दल तुमची शंका बरोबर आहे. उतारवयात चित्र पालटतं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात पन्नाशीतला लठ्ठपणा पुढच्या डिमेन्शियाशी जोडलेला दिसला. पण ज्यांना आजार झाला त्यांचं वजन निदानाच्या साधारण ८ वर्षं आधीपासून इतरांपेक्षा कमी भरत होतं. म्हणजे उतारवयात वजन घटणं हे बऱ्याचदा आजाराचंच लक्षण असतं, आणि त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू गेले की तोल जातो, माणूस पडतं, अंथरुणाला खिळतं. आईंचं मनगट बारीक झालंय हे मला त्यांच्या पोटापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

वजन का घटतंय ते शोधा. कवळी टोचते का, थायरॉइड, नैराश्य, सगळं तपासून घ्या. डोनेपेझिलसारख्या स्मरणशक्तीच्या औषधाने काहींची भूक मरते, साखरेच्या मेटफॉर्मिननेही मरते. मनाने काही बंद करू नका, डॉक्टरांपुढे औषधांची पूर्ण यादी ठेवा.

आता तुमचं. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. त्रास देते ती आतली, आतड्यांभोवतीची. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं आणि दाह वाढवणारी द्रव्यं थेट यकृताकडे जातात. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, बीपी आणि साखर चढते, आणि वर्षानुवर्षांनी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आईंची पन्नाशी आठवा.

टेप बेंबीच्या अंदाजाने लावू नका. कुशीला सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड, आणि दोन्हीच्या मध्यावर टेप ठेवून श्वास सहज सोडल्यावर आकडा घ्या. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरत नाही. भरभर चालणं, स्नायूंना ताण देणारे व्यायाम आणि बेताचं जेवण, याने आतली चरबी हलते. लायपोसक्शनच्या, म्हणजे चरबी शोषून काढायच्या शस्त्रक्रियेच्या, वाटेला जाऊ नका. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात कातडीखालची कित्येक किलो चरबी काढूनही इन्सुलिनच्या कामात काही फरक पडला नव्हता.

आणि पोटापाशीच अडकू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं आहेत. डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांत लठ्ठपणाचा वाटा १ टक्का आहे, तर कमी ऐकू येण्याचा ७ आणि वाईट कोलेस्टेरॉलचाही ७. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी), बीपी, साखर आणि कान, चारही तपासून घ्या.

प्रतिसाद २

माझ्या सासऱ्यांचं असंच होतं. ताटात चार पदार्थ दिसले की गोंधळायचे. एका वेळी एकच वाढायला लागलो, टीव्ही बंद ठेवला आणि कुणीतरी शेजारी बसून त्यांच्याबरोबर जेवायला लागलं, तेव्हा खाणं सुधारलं. भावाला हेच काम द्या ना, त्याला आईसाठी काहीतरी करायचंच आहे.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच पाकीट काढून पाहिलं: ग्लिमेपिराइड आणि डोनेपेझिल, दोन्ही चालू आहेत. भावाला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, जेवण बंद करायचा विषय त्याने सोडलाय. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करते. आईला फोनवरचं बोलणं नीट कळत नाही, ते आम्ही आजारामुळेच धरून चाललो होतो. तिचेही कान आता तपासण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १

हो, नक्की तपासा. आधी कानात मळ साठलाय का ते बघायला सांगा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. आजार त्याने मागे फिरणार नाही, पण बोलणं ऐकू आलं तर गोंधळ आणि चिडचिड कमी होऊ शकते. आणि उद्याच्या फोनवर ग्लिमेपिराइडचं सगळ्यात आधी विचारा, खाणं कमी झालंय हे स्पष्ट सांगून.