‘सक्रिय’ रडार म्हणजे काय? आणि रेवती की रेवथी?

वाचनवेडा: तेजस मार्क-१ए जातीच्या ९७ लढाऊ विमानांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ६२,३७० कोटींहून मोठा करार झाला. या विमानांवर आपले ‘उत्तम’ रडार बसणार आहे. त्याचे वर्णन मी ‘सक्रिय इलेक्ट्रॉनिकली स्कॅन्ड अ‍ॅरे’ असे वाचले. सक्रिय म्हणजे नेमके काय? बाकीची रडारे काय निष्क्रिय असतात? आणि ‘अ‍ॅरे’ला मराठीत काही आहे का? दरवेळी कुणीतरी ‘अरे’ म्हणून हाक मारल्यासारखे वाटते.

लहरी: वाचनवेडा, घोळ विशेषण कुठे लावायचे याचा आहे. ‘सक्रिय’ हे रडारचे विशेषण नाही, अँटेनाचे आहे.

जुन्या पद्धतीत गरगर फिरणारी किंवा डावीउजवीकडे मान हलवणारी तबकडी असे. आता सपाट पाटीवर शेकडो छोटे घटक, म्हणजे चिमुकल्या अँटेना, बसवतात. प्रत्येक घटकाच्या लहरीची फेज, म्हणजे तिच्या चढउतारांची वेळ, शेजाऱ्यापेक्षा किंचित मागेपुढे केली की एकत्रित झोत तिरका होतो. पाटी जागची हलत नाही आणि झोत मात्र क्षणार्धात दुसरीकडे वळतो. हा झाला ‘इलेक्ट्रॉनिकली स्कॅन्ड’चा भाग.

यात दोन घराणी आहेत. आकाश क्षेपणास्त्राचे ‘राजेंद्र’ रडार पहिल्या घराण्यातले. तिथे शक्ती एकाच प्रक्षेपकात तयार होते आणि सगळ्या घटकांना वाटली जाते. घटक फक्त फेज बदलतात. ‘उत्तम’मध्ये प्रत्येक घटकामागे स्वतःचा छोटा प्रक्षेपक-ग्राहक असतो. त्यातले काही बंद पडले तर रडार थोडे क्षीण होते, आंधळे होत नाही. राजेंद्रच्या घराण्यात मुख्य प्रक्षेपक गेला की खेळ संपला. लढाऊ विमानाच्या नाकात दुरुस्तीला जागाही नसते आणि वेळही नसतो, त्यामुळे हा फरक तिथे फार मोठा ठरतो.

आता गंमत अशी की ‘निष्क्रिय रडार’ ही वेगळीच वस्तू आहे. ते स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, दुसऱ्यांच्या लहरींवर भागवते. म्हणून राजेंद्रला निष्क्रिय रडार म्हणणे साफ चूक. निष्क्रिय असेल तर त्याची अँटेना.

अ‍ॅरेसाठी मी ‘फळी’ सुचवतो. बिनीची फळी, आघाडीची फळी हे प्रयोग आपल्याकडे आहेतच, आणि त्यात अनेकांनी मिळून एक काम करण्याचा अर्थही आहे. ‘सक्रिय फळीचे रडार’ कसे वाटते?

पाटीपुस्तक: लहरी, फळी आवडली, पण फळी म्हटले की मला भिंतीवरची डब्यांची फळी आठवते. बोलताना या क्षेत्रातले लोक ‘सक्रिय इलेक्ट्रॉनिकली स्कॅन्ड अ‍ॅरे’ला इंग्रजी आद्याक्षरांवरून सरळ ‘एसा’ म्हणतात, तेच देवनागरीत लिहावे.

माझी तक्रार दुसऱ्या शब्दाबद्दल आहे. ‘हे रडार एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा पाठलाग करते.’ रडार कुठेही जात नाही हो! पाठलाग क्षेपणास्त्र करते, रडार माग ठेवते. शोध आणि माग या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत: आधी ‘काहीतरी आहे’ हे कळते, मग त्याची जागा पुन्हा पुन्हा मोजून वेग आणि दिशा ठरवली जाते. ‘अमुक नेते तपास यंत्रणेच्या रडारवर’ या मथळ्यात तर शोध, माग आणि मारा सगळे एकाच शब्दात कोंबलेले असते. असो, तो प्रयोग आता रुळला आहे.

मृगनक्षत्र: मी नावांवर बोलतो. बेंगळुरूच्या एलआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बऱ्याच रडारांना नक्षत्रांची नावे दिली आहेत: अश्विनी, भरणी, रोहिणी, आश्लेषा, स्वाती, रेवती. पण आपल्याकडे ती इंग्रजीतून येतात आणि दाक्षिणात्य स्पेलिंगमध्ये ‘त’साठी ‘टीएच’ असते. त्यामुळे मराठीत ‘रेवथी’, ‘स्वाथी’, ‘अस्लेशा’ असे अवतार दिसतात. ज्या भाषेत पेरणी नक्षत्रावर ठरते त्या भाषेत हे व्हावे, याला काय म्हणावे!

सर्वात वाईट हाल ‘अरुध्रा’चे. हे हवाई दलाचे मध्यम शक्तीचे रडार. मार्च २०२३ मध्ये त्याचा २,८०० कोटींहून मोठा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सला मिळाला. अरुध्रा म्हणजे दुसरे काही नसून आपली आर्द्रा! तेलुगू-तमिळमध्ये तिला आरुद्रा म्हणतात.

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण माहीत असणाऱ्यांना स्वाती रडारचे काम ऐकून मजा वाटेल. वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांचा मार्ग ते मोजते आणि उलट गणित करून शत्रूची तोफ कुठे आहे ते सांगते. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्याकडे असे रडार नसल्याची फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

वाचनवेडा: आर्द्रा! हे कधीच डोक्यात आले नसते. मग ‘इंद्र’ कुठले नक्षत्र?

मृगनक्षत्र: कुठलेच नाही. ते ‘इंडियन डॉप्लर रडार’चे लघुरूप, देवाचे नाव योगायोगाने जुळवलेले. इंद्र नावाची एक स्पॅनिश कंपनीही आहे आणि तीही रडार बनवते. तिचे लान्झा-एन रडार टाटांमार्फत आपल्या युद्धनौकेवर आले, तेव्हा काही लोकांनी ते आपलेच इंद्र समजून पाठ थोपटून घेतली.

गलबत: यावरून ‘स्वदेशी’वर येतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस निलगिरी जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. जहाज स्वदेशी हे खरे, पण तिच्यावरचे मुख्य रडार एमएफ-स्टार, म्हणजे इस्रायली घराण्याचे. विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवरही तेच. उलट कामोर्ता वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौकांवर आपली रेवती आहे. रेवती ही रोहिणीची सागरी बहीण. जमिनीवरचे रडार उचलून जहाजावर ठेवता येत नाही, कारण लाटांवर डेक सतत डोलतो. म्हणून रेवतीला दोन अक्षांत स्थिर ठेवणारी वेगळी यंत्रणा द्यावी लागली.

तेजसचेही तसेच. सुरुवातीच्या विमानांवरचे रडार एल्टा या इस्रायली कंपनीच्या मदतीने पुरे झाले. संरक्षण खरेदीच्या नियमांत म्हणूनच आराखडा, विकास आणि उत्पादन या तिन्हींचा वेगळा उल्लेख करून देशी असलेल्या वस्तूला पहिले प्राधान्य आहे. मराठीत या तिन्हींना आपण एकच ‘स्वदेशी’ लावतो, वर ‘स्वदेशी बनावटीचे’ म्हणतो.

पाटीपुस्तक: ‘बनावटीचे’ तरी ठीक. परवा एका मथळ्यात ‘भारतीय बनावट रडार’ वाचले. ‘बनावट नोटा’तले बनावट! प्रत्यय गळला आणि अख्ख्या प्रयोगशाळेवर गुन्हा दाखल झाला.

लहरी: मग ‘देशात घडवलेले’ म्हणा. आराखडाही इथलाच असेल तर ‘देशात रचलेले आणि घडवलेले’. लांब आहे, पण ‘उत्तम’च्या बाबतीत तेवढे लांब लिहायला हरकत नाही.

मृगनक्षत्र: आणि कृपया आर्द्रा किंवा आरुद्रा लिहा. अरुध्रा नको.