मदत हवी आहे: ग्रामीण रुग्णालयात संगणकीय नोंदी, पण रजिस्टर सुटत नाही

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या ग्रामीण रुग्णालयात वॉर्डची जबाबदारी बघते. रुग्णांच्या नोंदींसाठी आमच्याकडे सॉफ्टवेअर आलंय, पण ते रुळत नाहीये. पाहणीला येणारा प्रत्येक जण एकच कारण सांगतो, "स्टाफला बदल नको असतो." मला हे अजिबात पटत नाही. इन्फ्यूजन पंप आला तेव्हा याच सिस्टर तो भराभर शिकल्या, कारण सलाइनचे थेंब मोजत बसणं थांबलं. पेरी आणि माल्किन या संशोधकांनी २०११ मध्ये १६ देशांतल्या रुग्णालयांची माहिती तपासली, त्यात सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद होती. कारणं काय, तर प्रशिक्षण, देखभालीची व्यवस्था आणि पायाभूत सोयी कमी. माणसांच्या हट्टाचा त्यात उल्लेख नाही.

आमचं खरं दुखणं दुहेरी लिखाण आहे. ताप, बीपी, दिलेलं औषध, सगळं संगणकावर भरायचं आणि रजिस्टरमध्येही लिहायचं. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच सिस्टर. ती आधी रुग्ण बघणार, मग रजिस्टर लिहिणार, संगणक राहतो सकाळवर. मग राउंडला डॉक्टरांना स्क्रीनवर शिळी माहिती दिसते आणि तेही रजिस्टरच मागतात. बरं, रजिस्टर बंद करावं तर सर्व्हर बाहेर कुठेतरी आहे. नेट गेलं की रुग्णाची ॲलर्जीसुद्धा दिसत नाही! ही जोखीम मी घेणार नाही.

त्यात प्रशिक्षण एकदाच झालं आणि शिकलेले बरेच जण बदलून गेले.

'बाहम्नी' ही ओपनएमआरएसवर (रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या मुक्त सॉफ्टवेअरवर) उभी केलेली मोफत प्रणाली रुग्णालयातल्याच सर्व्हरवर, नेटशिवाय चालते असं वाचलंय. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ती वापरली गेली आहे. वॉर्डात प्रत्यक्ष कुणी वापरली आहे का? जुन्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी तिच्यात आणता आल्या का?

रजिस्टर टप्प्याटप्प्याने बंद केलेल्यांनी क्रम सांगावा. मला आधी ओपीडी, मग लॅब आणि सगळ्यात शेवटी वॉर्ड असं सुचतंय. वीज गेल्यावर सर्व्हरसोबत राउटर आणि वॉर्डातला संगणकही चालू राहावा म्हणून इन्व्हर्टरची काय सोय केलीत? आणि यंत्रणा बंद असताना कागदावर लिहिलेलं नंतर कोण भरतं? ते पुन्हा रात्रपाळीच्या सिस्टरवरच पडणार असेल, तर आम्ही होतो तिथेच.

विक्रेत्यांनी कृपया जाहिरात करू नये. वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत, फसलेले असले तरी चालतील.