बर्फात अख्खं कुटुंब: कोण घसरलं, कोण बसून राहिलं? (अनुभव धागा)

माळ्यावरची
काल माळा आवरताना अप्पांची (सासरे) माकडटोपी सापडली. आत गोंडोलाचं (तिथली केबल कार) चुरगळलेलं तिकीट. मग झाडू बाजूला ठेवून तिथेच बसले.

फेब्रुवारी २०२२, गुलमर्ग. ठाण्याहून सातजण. नवरा आणि दोन पोरं स्की करणार, दीर "बघू", सासूबाईंचे गुडघे, अप्पांचं बीपी, आणि मी जिला बागेतल्या घसरगुंडीचीही भीती. नवऱ्याने चार महिने तयारी केली ती सगळी स्कीची. आमच्यासाठी त्याच्या वहीत एकच शब्द, "साइटसीइंग".

पहिल्या दिवशी ते तिघे दहाला गेले. आम्ही चौघं हीटरभोवती. अडीच वाजले तरी पत्ता नाही, फोन करायची सोय नाही, कारण आमची सगळी प्रीपेड कार्डं. बाहेरचं प्रीपेड काश्मीरमध्ये चालत नाही हे नवऱ्याला माहीत होतं. त्याचं स्वतःचं पोस्टपेड होतं!! संध्याकाळी काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी सूत्रं हातात घेतली. "कोण काय करतंय ते करा, साडेबाराला सगळे एका टपरीवर." शिकाऊ लोकांचा उतार गोंडोलाच्या पायथ्यालाच आहे, तिथल्या चहावाल्याकडे बाकडं धरलं. पोरं समोरच पडताना दिसत होती, त्यामुळे सासूबाईंचा वेळही मस्त गेला.

तिथपर्यंत जायला स्लेज केली होती. अप्पा बसेचनात. माणसाने ओढायचं आणि मी बसायचं, हे जमणार नाही म्हणे. शेवटी स्लेजवर चकल्यांचा डबा, सासूबाईंची पिशवी आणि ठाण्याच्या पावसातली काळी छत्री. दोरीचं एक टोक स्लेजवाल्याच्या खांद्यावर, दुसरं अप्पांच्या हातात. दोघं गप्पा मारत चालले होते, अप्पांना हिंदी धड येत नाही तरी.

तुमचेही येऊ द्यात. बॅगा सांभाळणाऱ्यांचे आधी.

पामबीच_पांथस्थ
छत्री 😂😂

नेरुळची_नीज
आम्ही औली, डिसेंबर २०१९. हरिद्वारहून जोशीमठ अख्खा दिवस घाट, लेकीला सतरा वेळा उलट्या. आवळासुपारी, लिंबू, सगळं करून झालं. पण जोशीमठ ते औली रोपवे चारेक किलोमीटरचा, त्यात आई खिडकीशी बसली. नंदादेवी दिसल्यावर तिने चपला काढून हात जोडले, एवढ्या थंडीत. मी दोन दिवस स्की शिकले त्यातलं आता काही आठवत नाही. आईच्या त्या मोजेवाल्या पायांचा फोटो मात्र फ्रिजवर आहे.
जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा रोपवे बंद केला. त्याच्या भरवशावर ज्येष्ठांना नेणार असाल तर निघण्याआधी नीट चौकशी करा.

खारघर_टेकडी
चकल्या भाजणीच्या की तांदळाच्या?

माळ्यावरची
भाजणीच्या. बर्फात आठ दिवस कुरकुरीत राहिल्या, ठाण्यात दोन दिवसांत मऊ पडतात.

एकच_चहा
स्वित्झर्लंड, वेंगेन. नाताळात गेलो कारण पोरांच्या शाळेला तेव्हाच सुट्टी, आणि तेव्हाच जगाला सुट्टी, त्यामुळे दर विचारू नका.
गावात बाहेरच्या गाड्या नाहीत, खालून लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या आगगाडीनेच यायचं. बाबांना इतकं आवडलं की रोज दुपारी उगाच खाली जाऊन परत यायचे. गावातूनच केबल कारने मॅनलिशेनला जाता येतं, स्की न करणाऱ्यालाही. म्हणजे आमचंही अप्पांसारखंच, दुपारचं जेवण वर एकत्र. मी आणि बाबा दारातून, पोरं उतारावरून.
स्कीच्या शिक्षिका लहान मुलांना "पिझ्झा! पिझ्झा!" ओरडतात (पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग कमी होतो). आई पहिल्या दिवशी डबा पिशवीत भरायला लागली, म्हणाली ते पिझ्झा खातायत तर आपली थालीपीठं कशाला काढू.
एक सांगते. ग्रिंडेलवाल्डला फाउलहोर्नवरून पंधरा किलोमीटरची स्लेजची वाट आहे, स्की न येणाऱ्यांसाठी भारी, असं मी सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं. केबल कार फर्स्टपर्यंतच जाते आणि पुढे अडीच तास बर्फात चढ, स्लेज ओढत! पाऊण तासात परत फिरलो. बाबा अजून "पंधरा किलोमीटर" म्हणून चिडवतात.

शेंगदाणा_कूट
@एकच_चहा थालीपीठं तिथे केलीत की इथून नेलीत?

एकच_चहा
भाजणी नेली. सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको, सगळं उघडून दाखवायला लावतात.

घोडबंदरचा_बंदी
ऑफिसमधून लिहितोय, थोडक्यात. जानेवारी २०२४, गुलमर्ग. बर्फच नाही. चिल्लई कलान, म्हणजे ऐन कडाक्याचे चाळीस दिवस, आणि समोर वाळकं गवत. स्कीवाले आम्ही तिघं तोंड पाडून बसलो. स्की न करणारे खूश, त्यांचं काहीच बुडालं नव्हतं. वडिलांनी श्रीनगरात पहाटे उठून जुन्या शहरात हरिसा (घोटलेलं मटण) खाल्ला, आईने फेरन (काश्मिरी झगा) घेतलं, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) कशी धरायची ते शिकली. फेरनच्या आत निखारे घेऊन माणसं फिरतात हे तिला अजून पटत नाही. आम्ही परत आलो आणि महिनाअखेरीस बर्फ पडलं. तेव्हापासून फक्त स्कीसाठी कुठे जायचं नाही असं ठरलंय.

पामबीच_पांथस्थ
बरंय, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज एकाच जागी उभं राहायची सवय असेल.

घोडबंदरचा_बंदी
हो ना, तिथेही पुढे कुणी सरकत नव्हतं

दोन_मुलींची_आई
आम्ही दुबई. मॉलमधला बर्फ. सासूबाई काचेपलीकडे कॉफी घेऊन, मुली आत. सर्वात लांब उतार ४०० मीटर, पण पाच वर्षांच्या मुलीला ४०० मीटर म्हणजे हिमालयच. पेंग्विनही आहेत. मोबाईलवर लिहितेय, कुकर झाला, जाते.

गुडघा_ग्रस्त
विम्याचं कुणी लिहिलंच नाही. जाऊबाई मनालीजवळ सोलंगला पडल्या, लिगामेंट. प्रवासविमा होता, पण साहसी खेळ त्यात नाहीत हे कागदावर बारीक अक्षरात. कंपनीचं नाव घेत नाही. स्कीसाठी वेगळं भरावं लागतं, आधी वाचा. आणि भाड्याचे बूट घातल्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा, तिथे कळ लागली तर उतारावर रडाल. जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

माळ्यावरची
जाऊबाईंना बरं वाटतंय ना आता?

गुडघा_ग्रस्त
चालतात. मांडी घालून बसत नाहीत. जेवणाचं टेबल आलं त्यानिमित्ताने.

खारघर_टेकडी
आम्ही पुढच्या फेब्रुवारीत नऊजण, त्यात दीड वर्षाचं एक. गुलमर्गला मुक्काम वर करू की श्रीनगरहून येऊन जाऊन?

माळ्यावरची
वर. जास्त बर्फ पडलं की खाली टंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळी लावलेली घ्यावी लागते, बाळ घेऊन ते रोज नको. गमबूट-कोटही टंगमर्गलाच भाड्याने. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, पण बाळाला आणि आजीआजोबांना पहिल्या टप्प्याच्या पुढे नेऊ नका, दुसरा जवळजवळ ३९५० मीटरवर जातो. आम्ही अप्पांना कोंगडोरीलाच (पहिला टप्पा संपतो तिथे) थांबवलं, ते अर्धा दिवस रुसले होते. आणि एकाकडे तरी पोस्टपेड ठेवा. स्की न करणाऱ्याकडे!

शेंगदाणा_कूट
टोपीचं काय केलंत?

माळ्यावरची
अप्पांना दिली. डोक्यात घालून पंख्याखाली पेपर वाचतायत, नोव्हेंबरात. तिकीट मागून घेतलं, चष्म्याच्या डबीत ठेवलंय.

खारघर_टेकडी
धन्यवाद ताई. भाजणीचं प्रमाण पण टाका ना.