पहिलीतल्या पोरांच्या हातात खरे पैसे द्यावेत का?

विश्रामबागकर (सांगली)
मुलगी पहिलीत आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते, बेरजाही करते. परवा तिच्यासमोर पाचाचं एक नाणं आणि एकेकाची तीन नाणी ठेवली. जास्त पैसे कुठे? बोट लगेच तीन नाण्यांवर! चूक तिची नाहीच. आजवर तिने मणी मोजले, पेन्सिली मोजल्या. एकाच वस्तूत पाच असतात हे तिला कुणी दाखवलंय कधी? घरात रोख दिसतच नाही. दूध, भाजी, रिक्षा, सगळीकडे फोन पुढे धरला की झालं.

माझं मत सरळ आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना खरी नाणी, खऱ्या नोटा हाताळू द्याव्यात आणि आठवड्यात एखादी खरेदी त्यांनाच करू द्यावी. ते 'चिल्ड्रन बँक' छापलेले कागद नकोत. ते फाटले तरी कुणाला काही वाटत नाही. सासूबाईंचा मात्र ठाम विरोध आहे: "लहान पोरांच्या हाती पैसा दिला की वळण बिघडतं." तुम्ही काय म्हणता?

मिरजेचे काका
सासूबाईंचं ऐका. पोराला एकदा पैशाची गोडी लागली की पाहुणा दारात आला की ते आधी त्याच्या खिशाकडे बघतं. कुणाचा ड्रेस कितीचा, कुणाची सायकल कितीची, हे सहाव्या वर्षी कशाला हवं? दहाव्या वर्षी हेच पोर आठ दिवसांत सगळं शिकतं. आणि तोवर रोख राहील का, हाही प्रश्नच आहे. खेळू द्या की पोरांना!

किराणावाला, गणपती पेठ
काका, वळणाचं तुम्ही म्हणता ते पटतं. पण रोख संपली म्हणता, ते आमच्या गल्ल्याशी बसून बघा. यूपीआय येऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी दुकान उघडलं की पहिली ओरड सुट्ट्यांचीच.

दहावीतली पोरं सामानाला येतात. त्रेसष्टचं बिल, शंभरची नोट. मी हातावर ठेवीन ते मुठीत धरून चालायला लागतात. मोजत नाहीत, कारण मोजायचं कसं तेच ठाऊक नाही. शाळेत शंभरातून त्रेसष्ट वजा करायला शिकवतात. काउंटरवर वजाबाकी कोण करतंय? आम्ही वर चढत जातो. त्रेसष्टवर दोनाचं नाणं ठेवलं, पासष्ट. पाचाचं ठेवलं, सत्तर. दहाची नोट, ऐंशी. विसाची नोट, शंभर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर हिशेब पुरा. पहिलीतल्या पोराला शंभरपर्यंत म्हणता येतं ना, मग दहा-वीस रुपयांत हे त्यालाही जमतं.

जि. प. शिक्षिका, तासगाव तालुका
दोघांशीही माझं भांडण आहे. खरी नाणी द्यायला हवीत, पण घरातली डब्यातली चिल्लर तशीच पोरापुढे ओतू नका. आपली नाणी पोराला चकवतात. 2007 पासून आलेलं अंगठ्याच्या चित्राचं एक रुपयाचं नाणं 25 मिलिमीटरचं आहे. 2011 च्या मालिकेतलं दोनाचं नाणंही 25 मिलिमीटरचंच. पाचाचं त्या दोघांपेक्षा लहान, 23 चं! मोठं ते जास्त किमतीचं, असं समजणारं मूल इथे हमखास फसणार. त्यापेक्षा 2019 ची मालिका निवडून काढा. त्यात एकापासून दहापर्यंत आकार किमतीबरोबर वाढत जातो, आणि विसाचं नाणं बारा कोनांचं, बोटांनाही कळतं. नोटांचंही तसंच. नव्या नोटा दहापासून पाचशेपर्यंत लांबीला वाढत जातात. जुनी शंभरची तेवढी बाजूला ठेवा, ती नव्या पाचशेपेक्षा मोठी आहे.

खरेदी एवढ्यात नको. आधी मोड करू द्या. दहाचं नाणं द्या आणि त्याचे पाच-पाच माग म्हणावं. मग दोनाची पाच. हे उलटसुलट करून पक्कं झालं की मग दुकान. शाळेतल्या बाल आनंद मेळाव्यात बघते ना मी, भेळेच्या गाड्यामागे पोर ॲप्रन घालून उभं असतं फोटोपुरतं, आणि पैसे मोजतेय त्याची आई.

मिरजेचे काका
बघा! मॅडमच म्हणतायत, खरेदी एवढ्यात नको.

विश्रामबागकर
काका, मॅडम पुढे ढकला म्हणाल्या, चार वर्षं थांबा नाही म्हणाल्या. पण मॅडम, मोडीचा खेळ घरात पोर दोन दिवस खेळेल, तिसऱ्या दिवशी कंटाळेल. दुकानात मागे रांग असते, समोरचा माणूस वाट बघतोय, हवी ती पेन्सिल काचेपलीकडे आहे. तिथे ते मन लावून मोजतं. दोन्ही बरोबरच व्हायला हवं.

साताऱ्याहून
आम्ही सोपं केलंय. ताट उचललं की दोन रुपये, अंथरूण घातलं की पाच. मोजणंही येतं आणि कामाची सवयही लागते.

जि. प. शिक्षिका, तासगाव तालुका
हे नकोच! उद्या आजीने पाणी मागितलं की पोर विचारेल, किती देणार? हिशेब शिकवायला घरकामाचा दर कशाला लावायचा? बाजाराच्या पिशवीतली चिल्लर मोजायला द्या, तीच पुरते.

विश्रामबागकर
या मुद्द्यावर मॅडमच्या बाजूने. आणि एक तक्रार. मुलीने दहाचं नाणं पुढे केलं तर भाजीवाल्याने "हे चालत नाही" म्हणून परत केलं. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय की दहाच्या नाण्यांचे चौदाही नमुने चलनात आहेत. पोरीने विचारलं, "खरं आहे तर घेत का नाहीत?" काय सांगणार?

किराणावाला, गणपती पेठ
आमच्याकडे घेतो, बिनधास्त पाठवा. फक्त शनिवारी नको, बाजाराची गर्दी असते. दुपारी तीनच्या सुमाराला या, पोरगी मोजेपर्यंत थांबायला मला वेळ असतो.

मिरजेचे काका
थांबाल हो. पण सुट्टे नाहीत म्हणून दोन चॉकलेटं हातावर टेकवलीत तर ती दोन रुपयेच असतात, असं पोरगी शिकून जाईल. त्याचं काय?